सरत्या वर्षाचा जमाखर्च

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



फाल्गुन सरत आला. गेल्या रविवारी रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून निघाली. आम्ही यंदा गेलो नाही, घरात वर्ष पाळतोय. गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरीवर मात्र कुठून तरी गुलाल येऊन बसला होता. झटकला नाही, तसाच राहू दिला.

येत्या गुरुवारी, १९ मार्चला पाडवा. गुरुवारचा पाडवा म्हणून आपल्याकडे आनंद आहेच. पण शके १९४७ चं विश्वावसु संवत्सर संपून १९४८ चं जे लागतंय त्याचं नाव ‘पराभव’ आहे, आणि ते वाचून दोन-तीन ग्रुपवर काळजीचे मेसेज फिरताहेत. काकूंनो, घाबरू नका. ही साठ नावांची माळ आहे, ठरल्या क्रमाने मणी पुढे सरकतो. मागचं पराभव संवत्सर १९६६ साली लागलं होतं आणि त्याच वर्षी आमच्या सासूबाई, म्हणजे माई, देवासहून लग्न होऊन या घरात आल्या. त्या वर्षी पराभव झालाच असेल तर तो तुमच्या मामंजींचा, असं त्या मला हसत सांगायच्या.

माई यंदा नाहीत.

आपल्या संपादन पाहणाऱ्या ताईंनी मला सरत्या वर्षाबद्दल कृतज्ञतेवर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, ताई, ज्यांचं वर्ष छान गेलं त्यांच्याकडून लिहून घ्या ना. त्या म्हणाल्या, त्यांना काय लिहायचंय, तूच लिही. गुरुआज्ञा म्हणून नव्हे, ताईंच्या आज्ञेने लिहिते आहे. गोड मानून घ्या, आणि सगळं गोड नसेल तर तेही चालवून घ्या.

मागच्या पाडव्यापासून सुरू करते. कडुलिंबाचा पाला, गूळ, ओवा, हिंग, मीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हे मी वाटलं आणि माईंनी आपल्या हाताने सगळ्यांना सुपारीएवढं दिलं. मला म्हणाल्या, “गूळ फार घातलास. निंब कळायला हवा.” तीस-एकतीस वर्षं दर पाडव्याला हेच. मी मनातल्या मनात म्हटलं, एकदा तरी चांगलं झालंय म्हणा.

वैशाखात लेक बडोद्याहून बाळंतपणाला आली. माईंनी आपल्या दोन जुन्या सुती साड्या काढल्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या, आणि दुपटी शिवायला बसल्या. वय वर्षं ब्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुईत दोरा मी ओवून द्यायचा आणि टाके त्यांनी घालायचे. याच दिवसांत एकदा आमचं जोरात वाजलं. कारण सांगण्यासारखं नाही, फडताळातल्या डब्यांवरून होतं. मी नको ते बोलले, खोलीत गेले, दार लावून घेतलं. रात्री जेवलेही नाही. गुरुमाउलींच्या फोटोसमोर रोज बसणारी, केंद्रात दुसऱ्यांना शांत राहायला सांगणारी मी. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढचं सांगता येणार नाही.

ज्येष्ठात माझा धाकटा भाऊ ग्वाल्हेरहून आला. अहिल्यादेवींच्या जन्माला ३१ मे रोजी तीनशे वर्षं पुरी होत होती. त्याच्या मनात आलं, ताई, आपण महेश्वरला जाऊन येऊ. माईंनी मला ढकललंच, जा म्हणाल्या, पोरीपाशी मी आहे. घाटावर आम्ही भावंडं दोन तास नुसते बसलो. वर वाड्यात मातीची लहान लहान शिवलिंगं करून, पूजा करून, नर्मदेत सोडायची बाईंच्या वेळची रीत अजून चालू आहे, ते पाहिलं. भावाला इतिहासाचं वेड. तो सांगत होता: १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये वडिलांसारखे सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. म्हातारपणी नातू, जावई, आणि १७९१ मध्ये आईने विनवण्या केल्या तरी न ऐकता मुक्ताबाई सती गेली. आणि हे सगळं घडत असताना काशीचं देऊळ, गयेचं विष्णुपद, कुठे घाट, कुठे विहिरी, कुठे धर्मशाळा, हेही चालूच. मी म्हटलं, ही बाई जगली कशी रे? तो पाण्याकडे बघत म्हणाला, “रोज सकाळी उठून कुणाचं तरी काम असायचं ना तिच्याकडे.” मग भजी खाल्ली आणि परतलो.

गुरुपौर्णिमेला माई व्हीलचेअरवरून आरतीला आल्या होत्या, तुमच्यातल्या पुष्कळांनी त्यांना पाहिलं असेल. त्यानंतर सहाव्या दिवशी पहाटे गेल्या. झोपेतच. पुरुषमंडळी स्मशानातून परत आली तेव्हा उंबऱ्याशी कडुलिंबाच्या पानांचं ताट घेऊन मीच उभी होते. पाला दारातल्याच झाडाचा, पाडव्याला काढला होता त्याच फांदीचा.

आणि नवव्या दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. दिवस चालू असलेलं घर, भटजींना विचारायचं की डॉक्टरांना, काही सुचेना. हे म्हणाले, आधी दवाखाना. दुपारी नातू झाला. घरी आणल्यावर दुपट्यांचं गाठोडं सोडलं. चार पुरी झाली होती. पाचव्याला तीन बाजूंनी टाके होते आणि चौथ्या बाजूला सुई तशीच टोचलेली. चौथी बाजू मी शिवली. माझे टाके वाकडे आहेत, माई असत्या तर उसवायला लावले असते.

तुम्हीच सांगा, या दिवसाला जमेत धरायचं की खर्चात? महाराज ‘कृतज्ञ’ हा शब्द फोडून सांगत असत. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे कुणी केलं ते जाणतो तो कृतज्ञ. केलेलं पुसून टाकतो, मारून टाकतो, तो कृतघ्न. या शब्दात आनंद कुठेच नाही, हे माझ्या यंदा लक्षात आलं. इतकी वर्षं मी समजत होते की कृतज्ञता म्हणजे प्रसन्न वाटणं. तसं वाटलं नाही की मला अपराधी वाटायचं. पण शब्द फक्त जाणायला सांगतो. रडत रडतही जाणता येतं.

दिवाळीत आमच्याकडे फराळ नव्हता, आकाशकंदील नव्हता. वसुबारसेपासून केंद्रातल्या बायकांचे डबे यायला लागले. अकरा घरांचे डबे मी मोजले. कुणाची चकली कडक, कुणाचा अनारसा जाळीदार, आणि एकीच्या चिवड्यात शेव इतकी की तो इंदूरचाच, हे सांगायला नको. गेली कित्येक वर्षं दुःखाच्या घरी डबे पोचवायचं काम माझ्याकडे होतं. देताना मी कधी दोन मिनिटांवर थांबले नाही, केवढी घाई असायची, पुढची पाच घरं बाकी असायची. या वेळी दार उघडून डबा हातात घेताना कळलं की घेणाऱ्याला ती दोन मिनिटं किती लांब वाटतात आणि किती हवी असतात. सेवा करणाऱ्यांनो, विशेषतः माझ्यासारख्या धावपळ करणाऱ्यांनो, पुढच्या वेळी जरा टेका. पाणी मागा. घरातल्या माणसाला तुमच्यासाठी काहीतरी करू द्या.

आता मार्गशीर्ष.

दत्तजयंतीच्या सप्ताहात प्रसादाची जबाबदारी माझ्याकडे होती. तिसऱ्या दिवशी, रविवार म्हणून गर्दी जास्त, ऐंशी पानांचा भात चुलीवर, आणि भावाचा फोन आला. मी फोन खांद्यात धरून म्हटलं, “सप्ताह चालू आहे रे, नंतर करते.” तो “बरं” म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याचा फोन आला. हृदयविकाराचा झटका. एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं.

गाडी करून ग्वाल्हेरला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझ्यासाठी थांबले होते. तिथेही उंबऱ्याशी निंबाचं ताट होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं. भावजय भिंतीला टेकून बसली होती. भाचा बारावीला आहे, तो येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होता. दत्तजयंतीला तुम्ही इकडे पाळणा म्हटलात, कुणीतरी प्रेमाने त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. मी ते अर्धं ऐकलं आणि ग्रुप म्यूट केला. दोन महिने तो म्यूट होता. कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

राग महाराजांवर होता. तुमच्याच स्वयंपाकघरात उभी होते, तुमच्याच भाताची चिंता करत होते, आणि तेवढ्यात तो फोन का यावा? दिवा लावायचे, हात जोडायचे, पण तोंडातून आरती निघेना. आपल्या केंद्रातल्या एक ज्येष्ठ काकू रोज संध्याकाळी येऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, काकू, मला आरती म्हणवत नाही. त्या म्हणाल्या, “नको म्हणू. आरती आम्ही म्हणू, तू ताम्हन धर.” त्यांनी एकही उपदेश केला नाही. किती दिवस आल्या त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, त्यांनीही नसावा.

कारण उपदेश पुष्कळ येत होते. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हा मेसेज मला त्या दिवसांत सात जणांनी पाठवला. हेतू चांगला होता, माझा कुणावर रोष नाही. पण थोडं तुकोबांबद्दल बोलते. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं. एका अभंगात ते देवाला म्हणतात की हे सगळं झालं ते बरंच झालं, त्यामुळे तुझ्याकडे वळलो. हा अभंग आपण कितीदा म्हणतो! मीही चालीवर, टाळ वाजवून म्हटलाय. यंदा पहिल्यांदा नीट पाहिलं की ‘बरं झालं’ हे ते कुणाच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात. स्वतःच्या. शेजाऱ्याच्या नव्हे. आपल्या दुःखाला बरं म्हणायचा अधिकार ज्याचं त्याला, आणि तोही त्याच्या वेळेला. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपण ते म्हणू लागलो की त्याचा अर्थच उलटा होतो. त्या दिवसांत तो मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा पोळ्या लाटून न्याव्यात.

तुकोबांचीच दुसरी गोष्ट. घरात सावकारीची खतं होती, लोकांकडून येणं होतं. धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपला अर्धा वाटा ठेवून घेतला. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. मी लहानपणापासून ही गोष्ट वैराग्याची म्हणून ऐकली. आता वाटतं, पैशापलीकडेही काही येणी असतात. अमुक माझ्याशी असं वागली, तमुकने मला असं म्हटलं, हीसुद्धा आपण सांभाळून ठेवलेली खतंच. आणि भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. दुसऱ्याने काय सोडायचं ते त्याच्यावर ठेवलं.

माझ्याकडे माईंच्या नावाची बरीच खतं होती. गूळ जास्त, टाके वाकडे, माहेरचे लोणचे पातळ. ती कशी बुडाली ते सांगते.

जानेवारीत मी भिंतीवरचं कालनिर्णय बदललं. माई त्यातल्या चौकोनांत बारीक अक्षरात हिशेब लिहायच्या. दूध १॥, गॅस आला, इस्त्री २२ कपडे, धुणंवाली नाही. जुनं कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकायच्या, रद्दीत देऊ द्यायच्या नाहीत. जुलैच्या मध्यापर्यंत त्यांचं अक्षर आहे, पुढे चौकोन कोरे. दुधाचासुद्धा हिशेब नाही, मी कधी लिहिलाच नाही. मी मागे मागे चाळत गेले आणि त्या भांडणाच्या तारखेवर आले. तारीख मला पाठ होती, खतं सांभाळणाऱ्याला तारखा पाठ असतात. म्हटलं, बघू काय लिहिलंय माझ्याबद्दल.

लिहिलं होतं: ‘दूध १॥. सूनबाईला बरे नाही. गिलकीची भाजी मी केली.’

एवढंच. आदळलेल्या दाराचं नाव नाही. मला बरं नव्हतं, असं त्यांनी मांडून ठेवलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी गिलक्या सोलून भाजी केली होती, आणि मी ती जेवलेही नव्हते. स्वयंपाकघरात उभी राहून मी खूप वेळ रडले. त्या रात्री ग्रुपचा म्यूट काढला.

माईंचा प्रश्न त्यामुळे सुटला असं मला वाटतं. माझ्यासाठी त्यांनी काय केलं ते थोडं तरी जाणलं. उशिरा, पण जाणलं.

भावाचं तसं झालेलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. एकोणपन्नासाव्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दल ‘बरं झालं’ माझ्या तोंडी येत नाही आणि महाराज ते जबरदस्तीने म्हणवून घेतील असं मला वाटत नाही. ‘नंतर करते’ हा शब्द मात्र रोज ऐकू येतो. मी काय करते तर, यांनी माईंसाठी तर्पण केलं तेव्हा गुरुजींनी जे समजावलं ते आठवते. तर्पण म्हणजे तृप्त करणं. आई-वडील, आजे-पणजे, गुरू, आप्त, असं करत करत शेवटी ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठीसुद्धा एक ओंजळ सोडतात. त्या पाण्याला अमुक एवढं देणं फिटलं असा हिशेब नसतो. फक्त नाव घ्यायचं आणि ओंजळ सोडायची. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना मी भावाचं नाव घेते. आणि महेश्वरचे ते दोन तास आठवते. ते दोन तास माईंनी मला ढकललं म्हणून मिळाले, हेही त्याच पाण्यात येतं.

दुसरं एक सुरू केलंय. दर रविवारी दहा वाजता, ज्या वेळी त्याचा फोन आला होता त्याच वेळी, भावजयीला फोन करते. सुरुवातीला दोघी नुसत्या गप्प असायचो. गेल्या रविवारी ती म्हणाली, भाच्याचे पेपर चालू आहेत आणि तो आता सकाळचा चहा स्वतः करतो, तिलाही देतो, फार गोड करतो. आम्ही दोघी हसलो. वर्षातलं हे मी जमेत लिहिलं. नातवाला दोन दात आले तेही लिहिलं. खर्चाची बाजू खोडलेली नाही, ती दोन्ही नावं तिथेच आहेत. वही एकच आहे.

तुमच्या घरीही यंदा कुणी आलं असेल, कुणी गेलं असेल. पाडव्याच्या आदल्या रात्री, सगळे जेवून उठल्यावर, घरच्या मंडळींनी दहा मिनिटं एकत्र बसावं असं सुचवते. वर्षभरात आपल्यासाठी कुणी काय केलं ते ज्याने त्याने एकेक सांगावं. मुलांनाही बोलू द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त आठवतं. कुणाला बोलवलं नाही तर गप्प बसू द्या. ‘सकारात्मक बोल’ म्हणून मागे लागू नका. आणि ज्याला फोन करायचा राहिलाय त्याला तो करून टाका, कितीही पानं वाढायची असोत.

एक सूचना. येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यातल्या सेवेची यादी वेगळी पाठवू. पाडव्याला केंद्रात पहाटे साडेसहाला उपासना, नंतर निंबाचा प्रसाद. प्रसाद माझ्याकडे आहे. ज्यांच्या दारात कडुलिंब आहे त्यांनी कोवळा पाला बुधवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावा, आमच्या झाडाला या वेळी पालवी उशिरा आली आहे. गूळ आणू नये. तो आहे, आणि थोडाच घालणार आहे.

आपली गुरुभगिनी,
इंदूर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥